एका होडीला एकच नाखवा

काल विल्सन तुमचं सामान घेऊन आला होता. मी विधवेने पाळायच्या इद्दतीत, म्हणून आतल्या खोलीत बसले, दार अर्धं लोटून. आपली सना बाहेर हॉलमध्ये. त्याने एकेक वस्तू टेबलावर ठेवली आणि मला ऐकू जावं म्हणून मोठ्याने नाव घेत गेला. "भाभी, दुर्बीण. भाभी, चष्मा आहे, एक काडी तुटलीय. भाभी, दोन टोप्या." वसईचा पन्नाशीचा माणूस, अख्खं लॉज सांभाळतो. टोप्यांपर्यंत आला आणि त्याचा आवाज बसला. सना म्हणाली, "अंकल, सिट, प्लीज." मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. मला अजून जवळजवळ तीन महिने घरातच काढायचे आहेत. बाहेर अजमानमध्ये आता हवा सुसह्य झालीय, संध्याकाळी खाली मुलं खेळायला लागलीत, म्हणजे तिकडे लॉजवर पाहुण्यांचा सीझन सुरू झाला असणार. हे दिवस तुम्ही घरी नसायचेच. त्यामुळे मनाला एक सोय झाली होती, तुम्ही दिसत नाही म्हणजे लॉजवर आहात, दोन आठवड्यांनी येणार. काल सामान आलं आणि ती सोय खलास झाली.

म्हणून लिहायला बसले. मास्तरांची मुलगी आहे, शेवटी कागदच जवळचा वाटतो.

तेच तर आपल्यातलं मूळ होतं ना. मी हायस्कूलच्या मास्तरांची मुलगी आणि तुम्ही खाडीच्या पलीकडच्या नाखव्याचा मुलगा. तुमचे वडील होडीचे नाखवा, त्यांचे वडीलही नाखवा. आमच्या घरात होडीवरच्या माणसाकडून मासे घ्यायचे, त्याला दारात पाणी द्यायचं, त्याची चौकशी करायची, पण त्याच्या घरात मुलगी द्यायची नाही. तुमचं स्थळ आलं तेव्हा तुम्ही शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात होड्यांच्या आउटबोर्ड इंजिनांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता, आणि माझ्या वडिलांना तेवढंच पुरलं. मुलगा होडीवर नाही. हातांना ग्रीस असेल, पण ते गल्फचं ग्रीस.

बारा-तेरा वर्षं तुम्ही तिथे इंजिनं खोललीत आणि बसवलीत. मग एका डिसेंबरमध्ये मालकाने तुम्हाला तिकडे दूर पश्चिमेच्या किनाऱ्यावर एक इंजिन दुरुस्त करायला पाठवलं. अजमानहून साडेचार तास, शेवटचा तासभर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काहीच नाही, आणि मग एकदम पाणी. एका जुन्या इमाराती माणसाचं लॉज होतं. मागे वाळू, पुढे उथळ समुद्र, मध्ये तिवरांचं रान. एका दिवसाचं काम होतं. तुम्ही तीन दिवस राहिलात. परत आलात तेव्हा बूट न काढताच सोफ्यावर बसलात आणि म्हणालात, "मी वर्कशॉप सोडतोय."

मी त्या संध्याकाळी काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. पगार कमी, सुट्ट्या कमी, सीझन सहा-सात महिन्यांचा, सनाची शाळा इथे. एवढं सगळं मी बोलले, आणि जे खरं सलत होतं ते बोललेच नाही. खाडीवरून उठून एवढ्या लांब आलो, ते परत होडीवर चढायला?

तुम्ही ऐकून घेतलंत. मग एवढंच म्हणालात की तिथलं पाणी आपल्यासारखं नाही, पण वास आपल्यासारखा आहे.

अकरा हिवाळे तुम्ही तिथे होता. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. पहाटे पाहुण्यांना गळ टाकायला न्यायचं, दुपारी तिवरांत पक्षी दाखवायला, संध्याकाळी वाळूच्या कडेने हरणं आणि ते पांढरे लांब शिंगांचे ओरिक्स. उन्हाळ्यात लॉज बंद, तेव्हा होड्या ट्रेलरवर घालून शारजाच्या यार्डात आणायच्या, आणि तुम्ही घरून जाऊन-येऊन त्यांची कामं करायचे. घरी यायचे तेव्हा कानांमागे मीठ असायचं. मी एकदा बोट लावून चाखलं होतं, आठवतं? सना किती हसली होती.

पण मासा कधी आणला नाहीत. माझ्या माहेरी कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं, की नवरा दिवसभर मासे पकडतो आणि बायको अजमानच्या मार्केटात उभी राहून मासे विकत घेते. पाहुण्यांनी धरलेला बहुतेक मासा तुम्ही परत सोडून द्यायला लावायचे. त्यावरून आपलं भांडण अकरा वर्षं चाललं आणि निकाल न लागताच राहिलं. मी म्हणायची, सोडायचाच तर पकडायचा कशाला? माशाला विचारलं का, त्याला फोटो काढून घ्यायचाय का? तुम्ही म्हणायचे, कालवणातल्या माशाला तू विचारतेस का? मी म्हणायची, कालवणातला मासा कुणाच्या तरी पोटात जातो, तुमचा नुसताच गळ सोसून जातो. त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, "रिझ्क ज्याच्या नावाचं त्याचं, दाणापाणी वरूनच ठरून येतं. तो मासा दुसऱ्या कुणाच्या नावाचा आहे, आपली फक्त ओळख झाली." एवढ्या शांतपणे म्हणायचे की मला पुढे सुचायचं नाही. आता सुचतं. ज्या माशाशी ओळख झाली तोच पुढे कुणाच्या ताटात जाणार असेल, तर ती ओळख करून देण्यात कसली मेहेरबानी? याचं उत्तर तुमच्याकडे असणार, मला खात्री आहे. मला ते ऐकायचं होतं.

ससाण्यांचंही तसंच. जानेवारीत मालकांचे मित्र ससाणे घेऊन यायचे, आणि कुंपण घातलेल्या वाळूत, परवाना काढून, फार्मवर वाढवलेल्या होबाऱ्यावर सोडायचे. होबारा म्हणजे आपल्या माळढोकाच्या कुळातला पक्षी, हे तुम्हीच सांगितलंत. मला ती शिकार पटली नाही. रानातला होबारा उरावा म्हणून फार्मवरचा, असं तुम्ही समजावलंत, तरी पटली नाही, आजही पटत नाही. पण ससाणा चुकला आणि होबारा निसटला की तुम्ही घरी येऊन ते हातवारे करून सांगायचे. मी विचारायची, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे? "उडणाऱ्याच्या," तुम्ही म्हणायचे. अहो, दोघेही उडतात. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

आता ती गोष्ट लिहिते जी आपण कधी बोललो नाही.

इथल्या आपल्या कोकणी लोकांच्या एका लग्नात हमीदाआपांनी मला विचारलं होतं, "तुझे मिस्टर हल्ली काय करतात गं?" हमीदाआपा म्हणजे इथल्या सगळ्या बायकांच्या मोठ्या. नवऱ्याचा खोर फक्कानला कंटेनर ट्रेलरचा धंदा, शारजात व्हिला, आणि कुणाचं काय चाललंय हे सगळं तोंडपाठ. मी म्हणाले, "लॉजमध्ये मॅनेजर आहेत. ऑपरेशन्स." ऑपरेशन्स हा शब्द मला कुठून सुचला कोण जाणे, बहुतेक माझ्या ऑफिसातून. मागे वळले तर तुम्ही दोन हातांत दोन प्लेटा घेऊन उभे होता.

परतताना गाडी तुम्ही चालवत होता. मग एका सिग्नलला थांबल्यावर म्हणालात, "ऑपरेशन्स मॅनेजरसाहेबांना जरा पाण्याची बाटली द्या." मी बाटली दिली. दोघेही हसलो. विषय संपला, असं मी धरून चालले. पण त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक इफ्तारला कुणी तुम्हाला कामाचं विचारलं, की तुम्ही नुसतं "लॉजवर असतो" म्हणायचे आणि विषय बदलायचे. ज्या कामाचा तुम्हाला एवढा अभिमान, त्याचं नाव तुम्ही माझ्या शब्दाखातर चारचौघांत घेतलं नाहीत. इतकी वर्षं. मला कळत होतं. मी कळू दिलं नाही.

मग तो एप्रिल आला.

कुठल्याशा मोठ्या कंपनीचा साहेब दोन मित्रांना घेऊन लॉजवर उतरला होता. त्याला समुद्रगाय बघायची होती. तुमच्याकडच्या त्या उथळ पाण्यात तळाला गवत असतं आणि समुद्रगायी ते चरायला येतात, सनाला तुम्ही लहानपणापासून हे सांगत आला होता. त्या दिवशी एक मादी पिल्लाला घेऊन आली होती. साहेबाला व्हिडिओ हवा होता, जवळून, आणि पुढून. त्याने होडी वळवून तिच्या वाटेत घालायला सांगितली. तुम्ही म्हणालात, इथे इंजिन चालवत नाही, पंखा लागला तर पिल्लू फाटेल. तो म्हणाला, पैसे मी भरलेत. तुम्ही इंजिन बंद केलंत, चावी खिशात घातलीत आणि बसून राहिलात. तो ओरडत होता, तुम्ही पाण्याकडे बघत होता. मादी पिल्लाला घेऊन खोल पाण्यात गेली, मग तुम्ही इंजिन सुरू करून त्यांना किनाऱ्यावर आणून सोडलंत.

साहेबाला लेखी माफी हवी होती. विल्सनने ती टाइपसुद्धा केली होती, फक्त तुमची सही बाकी. तुम्ही त्याला सांगितलंत, आवाज चढला असेल तर त्याची माफी मागतो, इंजिनाची मागणार नाही. त्यावर उरलेल्या सीझनसाठी तुम्हाला बिनपगारी घरी पाठवलं.

तुम्ही दुपारी आलात. दारातच मला सगळं सांगितलंत. मी तेव्हा जे वाक्य बोलले ते मला इथे लिहायलाच हवं, नाहीतर हा सगळा कागद खोटा ठरेल. मी म्हणाले, "होडी हाकणाऱ्याने होडी हाकावी. साहेब व्हायला कुणी सांगितलं होतं?"

तुम्ही पिशवी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "तेच तर केलं मी. होडी हाकली."

पुढचे नऊ दिवस आपण नीट बोललो नाही. तुम्ही घरातले सगळे नळ दुरुस्त केलेत.

दहाव्या दिवशी शुक्रवार होता. जुम्म्याहून तुम्ही परत आलात आणि पाठोपाठ बेल वाजली. दारात लॉजचे मालक, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यात, हातात काठी, मागे ड्रायव्हर खजुराचा डबा घेऊन. आपल्या त्या दोन खोल्यांच्या घरात, ज्या सोफ्यावर सनाची पुस्तकं पडलेली असायची, त्यावर ते येऊन बसले. मी चहा करून सनाच्या हाती पाठवला आणि किचनच्या पडद्यामागे उभी राहिले.

त्यांना हिंदी येत होतं, जुन्या इमाराती लोकांना येतं तसं. त्यांनी सांगितलं की साहेबाचा ईमेल मुलाने त्यांना वाचून दाखवला. त्यांनी मुलाला एकच विचारलं, इंजिन कुठे बंद केलं? गवतावर, मुलगा म्हणाला. मग त्यांनी आपल्या वडिलांचं सांगितलं. मोती काढणाऱ्या होडीवर वडील मुख्य होते. होडी ज्या व्यापाऱ्याची, तो कधी बरोबर आलाच तर किनारा सुटल्यावर एका कोपऱ्यात हात बांधून बसायचा. होडी त्याची, पण पाण्यावर शब्द वडिलांचा. आणि मग ते तुमच्याकडे बघून म्हणाले, "याकूब, एक नाव में दो नोखदा नहीं होता. तुम हमारा नोखदा है."

नोखदा. मास्तरांच्या मुलीला शब्दांचा कान असतो. हा तर आपलाच शब्द, नाखवा. तोच शब्द, समुद्राच्या या काठावरून त्या काठावर गेलेला, किंवा तिकडून इकडे आलेला, कोण जाणे. जो शब्द मी माहेरी, सासरी, इथल्या लग्नांत, सगळीकडे झाकत आले होते, तो एक धनाढ्य म्हातारा माझ्या घरात बसून, वडिलांच्या नावाइतक्या मानाने माझ्या नवऱ्याला देत होता.

ते म्हणाले, रविवारी या. आणि तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत. पडद्याआड मी मनातल्या मनात म्हणत होते, यल्ला, चला, हो म्हणा. तुम्ही म्हणालात, एक अर्ज आहे. मला वाटलं पगाराचं काही असेल. तुम्ही सांगितलंत की पाहुण्याला होडीत बसण्याआधीच कागदावर लिहून द्या, गवतावर इंजिन बंद राहील, पाहुणा कुणीही असो. माझं ठीक आहे, पण उद्या दुसरा कुणी चालवेल, त्याला भांडायला लागू नये.

मालकांनी चहा संपवला आणि म्हणाले, लिहून देऊ.

आज तिथल्या चारही होड्यांवर हा नियम पाळतात. काल विल्सनने ते मुद्दाम सांगितलं. आणि मग दाराच्या दिशेने म्हणाला, "भाभी, मी त्यांना त्या माफीवर सही करायला सांगितली होती. ते बरोबर नव्हतं. मी हे त्यांना कधी बोललो नाही." काय म्हणणार, मी तर त्याच पंगतीत बसलेली.

त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा तुमचं काम बघितलं. सनाला सुट्टी होती, विल्सनने तीन दिवसांची खोली दिली. तोपर्यंत मी नाही-नाही म्हणत टाळत आले होते. पहिल्या दिवशी मला कळलं की अजमानमध्ये कंबर धरून जिना चढणारा माणूस होडीत पाय टाकला की वेगळाच होतो. तुम्ही तोल सांभाळताय असं वाटतच नव्हतं. पाहुणे बोलत असायचे, तुम्ही हात वर केला की गप्प व्हायचे. एक वयस्कर डॉक्टर आणि त्यांची बायको होती, कुठल्या कुठल्या देशांत जंगलं बघून आलेली. ते तुम्हाला कॅप्टन म्हणायचे आणि पक्ष्याचं नाव सांगण्याआधी तुमच्या तोंडाकडे बघायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण त्याच दोघांना घेऊन निघालो आणि धुकं आलं. असं धुकं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. सना माझ्यापासून हातभरावर बसलेली, तिचा चेहरा पुसट झाला. समोरच्या स्क्रीनवर होडीचा ठिपका दिसत होता, पुढे निळं पाणी दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, सरळ जाता येईल. तुम्ही म्हणालात, या वर्षी वाळू सरकलीय, स्क्रीनला ते माहीत नाही. आणि इंजिन बंद केलंत.

मी कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायला लागले. सनाने विचारलं, "अब्बा, आर वी लॉस्ट?"

"लॉस्ट नाही बेटा," तुम्ही म्हणालात. "वेटिंग."

मग तुम्ही फळीखालून दोरी काढलीत, टोकाला शिशाचा गोळा, तळाचं काही चिकटून यावं म्हणून त्याच्या बुडाला साबण फासलेला. ती पाण्यात सोडलीत, वर ओढलीत, बोटाने साबण चाचपलात. वाळू. दांड्याने होडीला थोडं पुढे ढकललंत, दोरी परत सोडलीत. शिंपल्यांचा चुरा. परत. काळा चिखल, तिवरांखालचा. तुम्ही तो चिखल नाकाजवळ नेलात आणि मग कान दिलात. कुठूनतरी फ्लेमिंगोंचा गलका येत होता, मला तो सगळीकडून येतोय असं वाटत होतं. तुम्ही बोट दाखवून म्हणालात, लॉज त्या अंगाला. कुणी वाद घातला नाही. तासाभराने धुक्यातून आधी जेटीचा खांब दिसला आणि मग खांबाला धरून उभा विल्सन.

ती दोरी तुमच्या वडिलांची रीत होती, हे तुम्ही त्या डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलंत. "माय फादर, नाखवा. सेम जॉब." छाती काढून सांगितलंत. मी सनाचे ओले मोजे पिळत होते. मान वर केली नाही. पण त्या दिवशी त्या होडीत माझ्याएवढा ताठ कणा कुणाचाच नसेल. तुम्हाला ते दिसायला हवं होतं आणि मी पाठ करून बसले होते.

दुपारी खोलीत तुम्हाला सांगायचं ठरवलं. एप्रिलच्या त्या वाक्याबद्दल, लग्नातल्या त्या ऑपरेशन्सबद्दल. शब्द जुळवून ठेवले होते. बाहेर आले तर तुम्ही व्हरांड्यातल्या खुर्चीत झोपून गेलेले, तोंड उघडं, टोपी छातीवर. म्हटलं, उठल्यावर सांगू. मग उठल्यावर चहा झाला, मग सनाला हरणं बघायची होती, मग पाच वर्षं झाली.

तुम्ही गेलात ते शारजाच्या यार्डात. सीझन सुरू व्हायला अकरा दिवस होते, होड्या ट्रेलरवर चढवायच्या होत्या. तुम्ही तीन तपासल्यात आणि चौथीच्या सावलीत टेकून बसलात. बरोबरच्यांना वाटलं, दम खाताय. फोन सनाला आला. ती मला इंग्रजीत सांगायला लागली, मध्येच थांबली, आणि मराठीत म्हणाली, "आई, अब्बा उठत नाहीयेत." तुम्ही नेहमी म्हणायचे ना, पोरगी आपल्या भाषेत बोलत नाही.

तुम्हाला दुसऱ्या दिवशीचं काहीच माहीत नाही, म्हणून ते सांगते.

जनाजा आपल्या बिल्डिंगसमोरच्या मशिदीत होता, तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर. बायका घरात जमल्या होत्या. मी खिडकीशी उभी होते, शेजारी हमीदाआपा. खाली आधी आपले नेहमीचे लोक दिसले, गावचे, वर्कशॉपचे. मग लॉजच्या दोन गाड्या येऊन लागल्या. सकाळी निघाले असणार. त्यातून माणसं उतरतच राहिली. केरळचा शाजी, ज्याला तुम्ही होडी शिकवलीत. बांगलादेशचे दोघे, स्वयंपाकघरातला नेपाळी, माळीकाम करणारा पठाण, ससाणे सांभाळणारे दोन बलोच. विल्सन मशिदीच्या दाराशी हात जोडून उभा राहिला. ज्यांना नमाज पढता येत नव्हती ते त्याच्या मागे ओळीने उभे राहिले, उन्हात, टोप्या काढून. शेवटी मालकांची गाडी आली.

नमाज झाली, तुम्हाला बाहेर आणलं. मालकांनी काठी ड्रायव्हरच्या हातात दिली आणि खांदा पुढे केला. कुणीतरी त्यांना थांबवायला गेलं, त्यांनी त्याचा हात बाजूला सारला. गाडीपर्यंत वीसेक पावलं असतील. ती सगळी ते चालले. मागून शाजी त्यांच्या कोपराला हात लावून.

हमीदाआपा बघत होत्या. एवढी माणसं, एवढ्या लांबून, आणि तो म्हातारा अरब खांदा देतोय, हे त्यांच्या हिशेबात बसेना. हळूच म्हणाल्या, "मॅनेजर होते ना गं?"

"नाही आपा," मी म्हणाले. "मी खोटं सांगितलं होतं. नाखवा होते. होडी चालवायचे."

खोलीत दहा-बारा बायका होत्या, सगळ्यांना ऐकू गेलं. सनाने माझ्याकडे बघितलं. माझा आवाज कापला नाही, हे तुम्हाला मुद्दाम सांगते.

खाली गाडीचं दार बंद झालं. आपा खिडकीच्या गजाला धरून उभ्या होत्या, हातात तसबीची माळ. मग खालीच बघत म्हणाल्या, "माझे अब्बा पण नाखवाच होते. जहाज कंपनीत ऑफिसर होते असं मी सगळ्यांना सांगते. माझ्या मुलांना पण तेच माहितीये." आणि मग त्या, ज्यांना मी वीस वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं, माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. तुमच्यासाठी आणि त्यांच्या वडिलांसाठी. ते कुठल्या खाडीत, कुठल्या होडीवर होते, मी विचारलं. त्या सांगत राहिल्या. होडीचं नाव, वडिलांचे हात, पावसाळ्यानंतर पहिल्यांदा होडी पाण्यात लोटायचा दिवस. बाकीच्या बायका सरकून जवळ बसल्या.

खाली गाड्या एकामागोमाग वळून निघून गेल्या होत्या. आत हमीदाआपा आपल्या नाखवा वडिलांबद्दल बोलत होत्या, आणि त्यांना कुणी अडवलं नाही.